सरवा

पीक काढून झाल्यावर शेतात गळून राहिलेल्या, मागाहून वेचायच्या कणसांना आपण सरवा म्हणतो. मराठी बायबलनेही हाच शब्द घेतला आहे. लेवीय या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात आज्ञा आहे, की शेताचे कानेकोपरे कापू नका, सरवा वेचू नका. गरिबासाठी आणि परक्यासाठी तो राहू द्या. मजुराची मजुरी रात्रभर अडवू नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका, मापात मारू नका, हेही तिथेच. आणि याच ओळींच्या मधोमध, १८व्या वचनात, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा येते. ३४व्या वचनात तीच प्रीती परदेशी माणसापर्यंत पोचते.

जुना करार कायद्याचा आणि नवा करार प्रीतीचा, अशी मांडणी ख्रिस्ती प्रवचनांतून पुष्कळदा कानी पडते. ती मला चुकीची वाटते. चुकीची आणि घातकही. यहुद्यांविषयीच्या द्वेषाला तिने शतकानुशतके खतपाणी घातले. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असे विचारल्यावर येशूने सांगितलेल्या दोन्ही आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रातल्याच आहेत: देवावरील प्रीतीची अनुवाद या पुस्तकाच्या ६व्या अध्यायातली, शेजाऱ्यावरील प्रीतीची लेवीयातली. रब्बींच्या परंपरेने एकूण ६१३ आज्ञा मोजल्या, २४८ विधी आणि ३६५ निषेध. त्यांचे सार शोधणे हा यहुदी गुरूंचा जुना ध्यास. एका पायावर उभा राहतो तेवढ्या वेळात सगळे शास्त्र शिकव, असे म्हणणाऱ्या माणसाला हिल्लेल या गुरूने काय उत्तर दिले, ती कथा तालमूदात आहे: जे तुला नकोसे वाटते ते दुसऱ्याला करू नकोस, बाकीचे त्यावरचे भाष्य, जा आणि शीक. येशू याच परंपरेत बोलत होता. मार्कच्या शुभवर्तमानात तर प्रश्न विचारणारा शास्त्री त्याच्याशी पूर्ण सहमत होतो.

नियम आणि प्रीती यांचा खरा पेच नियमशास्त्राच्या पोटातच आहे. मवाबी माणसाला दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत घेऊ नये, असे अनुवाद सांगते. रूथ मवाबी होती, विधवा होती, आणि बेथलेहेमात ती जगली ती सरव्यावर. एका आज्ञेने तिला दार लावले होते, दुसरीने पोटाला दिले. पुढे ती दावीद राजाची पणजी झाली. मत्तयाने येशूच्या वंशावळीत तिचे नाव आवर्जून लिहिले आहे.

प्रेषित पौलाला हाच पेच पंगतीत भेटला. अंत्युखियात येशूचा शिष्य पेत्र आधी परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवत असे. यरुशलेमेहून काही लोक आल्यावर तो मागे सरला. पंक्तिभेद म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावायला नको. पौलाने त्याला सर्वांसमक्ष जाब विचारला. पण तोच पौल रोमकरांस लिहिताना प्रीतीला नियमशास्त्राची पूर्णता म्हणतो. त्याने शास्त्र फेकून दिले नाही.

नियम बाजूला ठेवून केवळ प्रीतीवर विसंबले, तर काय होते? ऑगस्टिनचे उदाहरण मला अस्वस्थ करते. प्रीती कर आणि मग हवे ते कर, हा त्याचा बोध साधारण ४०७ सालच्या प्रवचनातला. मुलाला मारणाऱ्या बापाच्या हातातही प्रीती असू शकते, असे तो तिथे सांगतो. त्याच काळात चर्चपासून फुटलेल्या दोनातवाद्यांना राजसत्तेच्या धाकाने चर्चमध्ये परत आणण्याचे समर्थन त्याने केले, आणि तेही प्रीतीच्याच नावाने. बळ असलेल्याच्या प्रीतीपासून दुबळ्याला वाचवायलाही नियमच लागतो.

पुढे हा वाद थांबला नाही. लूथरने १५२० मध्ये ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर लिहिले. आणि दीडदोन दशकांतच, नियमशास्त्राची आता गरज नाही म्हणणाऱ्या आपल्याच सहकाऱ्याला, योहान अग्रिकोलाला, त्याला विरोध करावा लागला. कॅथलिक चर्चच्या १९८३च्या धर्मविधानसंहितेत १,७५२ कलमे आहेत. आत्म्यांचे तारण हाच सर्वोच्च कायदा, हे शेवटच्या कलमात येते. घटस्फोटानंतर पुन्हा विवाह केलेल्यांना कम्युनियन द्यावे का, यावर पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये प्रत्येकाच्या परिस्थितीचा विचार करण्याची वाट मोकळी केली, तेव्हा चार कार्डिनलांनी लेखी शंका मांडल्या. त्या शंकांना मी हट्ट म्हणणार नाही, पण दारात उभ्या असलेल्या माणसाकडे आधी पाहावे, या मताचा मी आहे.

पंडिता रमाबाईंनी असेच पाहिले. इंग्लंडमध्ये वाँटेजच्या मठातल्या सिस्टर्सनी त्यांना लंडनजवळच्या फुलहॅमला नेले. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांना तिथे मायेने सांभाळले जात होते. हे लोक असे का करतात, या प्रश्नाचे उत्तर म्हणून त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण त्याच सिस्टर्सनी चर्चच्या अधिकारापुढे मान तुकवण्याचा आग्रह धरला, तेव्हा त्यांनी पत्रांतून कडाडून वाद घातला. सद्सद्विवेक त्यांनी कोणाच्या हवाली केला नाही. पुढे केडगावला तशाच स्त्रियांसाठी त्यांनी कृपासदन उघडले. आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणण्यात घालवली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, तेव्हा शुभवर्तमानांसोबत लेवीयाचेही भाषांतर पुरे झाले होते.