खारेपाटाचा बांध

सह्याद्रीच्या पायथ्यापासून अरबी समुद्राच्या वाळूपर्यंत रायगड जिल्हा पसरलेला आहे. त्यात १५ तालुके असून जिल्ह्याचे मुख्य ठाणे समुद्रकाठच्या अलिबाग येथे आहे. पावसाळ्यात सह्याद्रीवर कोसळणारे पाणी घेऊन पाताळगंगा, अंबा, कुंडलिका आणि सावित्री या नद्या वेगाने खाली येतात. परंतु समुद्र जवळ आला, की जमिनीचा उतार संपतो आणि त्यांचा वेग मंदावतो. तेथे नदीची खाडी होते. दिवसातून दोन वेळा भरतीचे खारे पाणी या खाडीतून उलट दिशेने दूरवर आत चढते. अलिबाग व पेण या तालुक्यांत धरमतरच्या खाडीलगत जो सखल प्रदेश आहे, त्याला खारेपाट म्हणतात.

मुलांनो, या प्रदेशाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. येथील पुष्कळ शेते भरतीच्या पाण्याच्या पातळीहून खाली आहेत. मग समुद्र ती बुडवून का टाकीत नाही? कारण त्यांच्या आणि खाडीच्या मध्ये एक बांध उभा आहे. खाडीतील चिकण माती उपसून, तिचे थरावर थर रचून आणि जेथे लाटांचा मारा अधिक तेथे दगडांची पिचिंग करून हा बांध घातलेला असतो.

परंतु केवळ बांध घातल्याने काम भागत नाही. बाहेरचे खारे पाणी अडले, तरी आत साठलेल्या पावसाच्या पाण्याला वाट हवी. यासाठी बांधात जागोजाग दारे ठेवलेली असतात. त्यांना 'उघाडी' असे नाव आहे. उघाडीचे दार वरच्या बाजूने टांगलेले असून ते फक्त खाडीच्या बाजूस उघडते. भरती आली, की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ते घट्ट मिटते. ओहोटी लागली, की आतील गोड्या पाण्याच्या रेट्याने ते आपोआप उघडते. राखणदार जागा असो वा निजलेला असो, भरती-ओहोटीच या दाराची उघडझाप करीत असते.

या बांधाचे खरे वैरी दोन. एक म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणारी उधाणाची भरती आणि दुसरा म्हणजे चिकण मातीत बिळे करणारा खेकडा. लहानशा बिळातून पाणी झिरपू लागते, माती सुटते आणि एखाद्या उधाणाला बांध फुटतो. याला 'खांड जाणे' म्हणतात. खांड वेळीच बुजविली नाही, तर खारे पाणी शेकडो शेतांत शिरते. पीक तर जातेच, पण जमिनीत मुरलेले मीठ धुऊन काढण्यासाठी पुढचे पावसाळेही खर्ची पडतात. दीर्घकाळ दुर्लक्ष झाले, तर जेथे भात डोलत होते तेथे तिवराचे रान माजते.

खांड पडते एकाच्या शेतापाशी. नुकसान मात्र साऱ्या गावाचे होते. म्हणून एका बांधाच्या आश्रयाने शेती करणारे शेतकरी पूर्वीपासून एकत्र येऊन बांधाची राखण व डागडुजी करीत. या पद्धतीला 'जोळ' म्हणत. लोकांनी स्वतःसाठी चालविलेला हा एक लहानसा कारभारच होता.

आता या भूमीचा इतिहास पाहू. अठराव्या शतकात हा किनारा मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे व त्यांचे वंशज यांच्या सत्तेखाली होता. खाजणे बांधून शेतीखाली आणण्यास आंग्र्यांच्या अमदानीत चालना मिळाली. १८४० साली इंग्रजांनी आंग्र्यांचे कुलाबा संस्थान खालसा केले आणि १८६९ साली कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला. १९८१ साली त्याला रायगड हे नाव मिळाले.

बांध राखणारे हात शेतकऱ्यांचे होते; जमीन मात्र बहुतेकांची नव्हती. गावचा सारा वसूल करणारे खोत आणि सावकार हेच जमिनीचे धनी होऊन बसले होते. वर्षभर राबून पिकविलेल्या भाताचा मोठा वाटा त्यांच्या कोठारात जाई. अखेर १९३३ साली अलिबाग तालुक्यातील चरी या गावी शेतकऱ्यांची सभा भरली. नारायण नागू पाटील हे त्यांचे पुढारी होते. अन्यायाच्या अटींवर जमीन कसायची नाही, असा निर्धार तेथे झाला. पंचवीस गावांनी नांगर खाली ठेवले. लोकांनी रानातील लाकूडफाटा विकून आणि खाडीतील मासळीवर दिवस काढले; पण ते हटले नाहीत. हा संप सहा वर्षे चालला. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९ साली कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला आणि स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने, खोती संपुष्टात आली.

बांधांचा प्रश्नही सरकारपुढे आला. १९४८ साली मुंबई राज्यात खारजमिनींचा कायदा झाला, तर १९७९ साली महाराष्ट्राने खारभूमी विकासाचा नवा कायदा केला. त्यामुळे मोठे बांध बांधणे व दुरुस्त करणे हे शासनाचे काम ठरले. गावात ग्रामपंचायत, तालुक्यास पंचायत समिती आणि १९६२ पासून जिल्ह्यास जिल्हा परिषद अशी लोकांनी निवडलेली कारभाराची रचना उभी राहिली. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खारेपणा सोसणाऱ्या भाताच्या जाती तयार केल्या.

एवढे होऊनही काळजी सरलेली नाही. शासनाकडे काम गेल्यावर जोळ ठिकठिकाणी सैल पडले. तरुण मंडळी नोकरीसाठी शहरांकडे वळली. समुद्राची पातळीही हळूहळू वाढत आहे. शासनापाशी यंत्रे आहेत व निधी आहे. पण बांधातून झिरपणारी पहिली धार दिसते ती शेजारून चालणाऱ्या गावकऱ्याला. त्याने ती पाहून वेळीच हाक दिली, ग्रामसभेत प्रश्न मांडला आणि शासनाने तत्परतेने माती टाकली, तरच आतील भात वाचते. खारेपाटात कारभार चांगला चालला आहे की नाही, हे कचेरीतील कागदांवरून कळते त्याहून अधिक उधाणाच्या रात्री बांधावरून कळते.