घोटा बदलल्यानंतरची चाल

गुडघ्याचा सांधा बदलल्याची वार्ता आता जवळजवळ प्रत्येक कुटुंबात ऐकू येते. घोट्याचा सांधाही बदलता येतो, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. गुडघ्याप्रमाणे घोटा केवळ वयोमानाने क्वचितच झिजतो. तरुणपणी मोडलेले हाड, किंवा पुनःपुन्हा मुरगळूनही ‘होईल बरा’ म्हणून दुर्लक्षिलेला पाय हेच बहुतेक रुग्णांत या झिजेचे मूळ असते. काहींच्या बाबतीत आमवात कारणीभूत ठरतो. सांध्यातील कूर्चा नाहीशी होऊन हाडावर हाड घासू लागले की बाजारापर्यंतचे चार पावलांचे अंतरही नकोसे होते. चालताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार या लहानशा सांध्यावर येतो, हे लक्षात घेतले म्हणजे वेदनेची तीव्रता कळते.

दोन मार्ग

औषधे, वजन कमी करणे, आधाराचा पट्टा आणि योग्य पादत्राणे यांनी भागले नाही तर शस्त्रक्रियेचे दोन मार्ग उरतात. एकात सांध्याची हाडे कायमची जोडून टाकतात. वेदना थांबते, पण घोट्याची हालचालही थांबते आणि शेजारच्या सांध्यांवर ताण वाढतो. दुसऱ्यात धातू व प्लास्टिकचा कृत्रिम सांधा बसवितात. 1970 च्या दशकातील आरंभीचे असे सांधे लवकर सैल होत. पुढे डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हाकोन कोफोड यांच्यासारख्यांनी आराखडा सुधारल्यावर या शस्त्रक्रियेस स्थैर्य आले. ब्रिटनमध्ये 303 रुग्णांवर झालेल्या आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षअखेर दोन्ही मार्गांनी रुग्णांचे चालणे चांगलेच सुधारले होते. त्यामुळे कोणता मार्ग श्रेष्ठ, यापेक्षा कोणता आपल्याला योग्य, हाच प्रश्न अस्थिरोगतज्ज्ञांना विचारावा.

पहिले तीन महिने

शस्त्रक्रिया दोन-तीन तासांत आटोपते. बरे होण्यास मात्र वर्ष लागते. घोट्याच्या पुढील बाजूस त्वचा पातळ आणि मांस थोडे असते, म्हणून तेथील जखम सावकाश भरते. पहिले दोन आठवडे पाय उशांवर, हृदयाच्या पातळीहून उंच ठेवण्याचा आग्रह असतो तो यासाठीच. या काळात त्या पायावर भार द्यायचा नसतो. तेव्हा खाट तळमजल्यावर हवी, शौचालयात कमोड हवा, स्नानासाठी खुर्ची हवी आणि वॉकर घेऊन वावरण्याचा सराव शस्त्रक्रियेपूर्वीच झालेला हवा. मधुमेह आटोक्यात नसेल किंवा तंबाखूचे व्यसन असेल तर जखम चिघळण्याचा धोका वाढतो. जखमेतून स्राव, ताप, पोटरीत दुखरी सूज किंवा धाप लागणे यांपैकी काहीही आढळल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

साधारण दोन आठवड्यांनी टाके निघतात. त्यानंतर प्लॅस्टर किंवा आधाराचा बूट येतो. भार केव्हा व किती द्यायचा, हे प्रत्येक रुग्णागणिक बदलते; शेजाऱ्याचे वेळापत्रक आपल्याला लागू पडत नाही. धातूच्या खरबरीत पृष्ठभागात हाड वाढून सांधा पक्का होण्यास अवधी द्यावाच लागतो. सुमारे तीन महिन्यांनी बहुतेकांना नेहमीची पादत्राणे घालता येतात. संध्याकाळची सूज मात्र पुढे कित्येक महिने रेंगाळते. तेवढ्याने धीर सोडू नये.

जुनी चाल विसरणे

खरी कसोटी यापुढे लागते. वेदना चुकविण्यासाठी रुग्ण वर्षानुवर्षे पाऊल बाहेर वळवून, आखूड टाकून, एका अंगावर कलून चाललेला असतो. सांधा नवा झाला तरी ती सवय जुनीच राहते. पोटरीही रोडावलेली असते. म्हणून आधी टाच टेकणे, मग देहाचा भार पावलावरून पुढे नेणे आणि शेवटी चवड्याने रेटा देणे, हा क्रम लहान मुलाप्रमाणे पुन्हा शिकावा लागतो. भौतिकोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने पंचा पावलात अडकवून ताण देणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, आधाराने एका पायावर तोल सांभाळणे हे व्यायाम नेमाने करावेत. आरशासमोर चालून पाहिल्यास दोष चटकन दिसतो. हजार लंगड्या पावलांपेक्षा शंभर नीट पावले हितकर. जिना चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना शस्त्रक्रियेचा.

अपेक्षेची मर्यादाही जाणून घ्यावी. कृत्रिम घोट्याची हालचाल बहुधा शस्त्रक्रियेपूर्वी होती त्याहून फार वाढत नाही. उकिडवे बसणे बहुतेकांना जमत नाही. धावणे आणि उड्या मारणे टाळावे लागते. सपाट रस्त्यावरचे चालणे, पोहणे, सायकल चालविणे हे बहुतेकांना शक्य होते. कालांतराने सांधा झिजू शकतो, म्हणून दुखत नसले तरी ठरावीक तपासणी चुकवू नये.

कुटुंबीयांनी या वर्षभरात दोन टोके टाळावीत: रुग्णाला घाई करणे, आणि त्याला जागचे हलू न देणे. पाण्याचा पेला त्याच्या हाती आणून देण्यापेक्षा तो आणायला निघालेल्या त्याच्यासोबत चार पावले चालणे, ही अधिक मोलाची सेवा ठरते.