पेशींचे जग, लेखांक ६ : बाटलीतला कर्करोग

निपाणीच्या वाचकांना तंबाखूची ओळख करून द्यायला नको. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायकांच्या नाकातोंडात दिवसभर काय जाते, ते गावाला ठाऊक आहे. ती धूळ पेशीत शिरून काय करते, हे कळायला मात्र पेशी बाहेर काढून वाढवाव्या लागतात. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधले मनोज महिमकर आणि रजनी भिसे यांनी विडी-तंबाखूवर काम करणाऱ्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि त्यांची गुणसूत्रे तपासली. १९९५मध्ये निष्कर्ष छापून आला : या कामगारांत गुणसूत्रांची मोडतोड इतरांपेक्षा जास्त. ही माणसे कर्करोगाचे रुग्ण नव्हती, हे लक्षात घ्या.

पण अशा पेशी थोडेच दिवस टिकतात. निरोगी पेशी साधारण चाळीस-साठ वेळा दुभंगून थांबते; कर्करोगाच्या काही पेशी थांबतच नाहीत. १९५१मध्ये अमेरिकेत जॉर्ज गाय यांनी हेन्रिएटा लॅक्स या रुग्णाच्या गाठीतून अशा पेशी वाढवल्या. त्या आजही वाढताहेत. त्या बाईंना मात्र कुणी विचारलेही नव्हते. विज्ञानाने हे विसरता कामा नये. याच गाय यांच्याकडे पुण्याच्या कमल रणदिवे काम शिकल्या आणि परतून त्यांनी मुंबईत देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभारली.

काम किचकट. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तुकडा बारीक करून बाटलीत पोषक द्रवात ठेवायचा, तापमान ३७ अंश. द्रवात वासराच्या गर्भाचे रक्तद्रव्य घालतात. पेशींनी आम्ल सोडले की गुलाबी द्रव पिवळा पडतो. मग तो बदलायचा. बुरशी शिरली की महिन्यांची मेहनत फुकट. एका बाटलीतल्या पेशी दुसरीत शिरल्या तर आणखी वाईट : १९६६मध्ये उघड झाले की वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून वापरात असलेल्या अनेक पेशी प्रत्यक्षात लॅक्सबाईंच्याच होत्या!

१९९०मध्ये सुधा गंगल आणि सहकाऱ्यांनी मुंबईत तोंडाच्या कर्करोगाच्या चार पेशीमालिका, म्हणजे न थांबता वाढत राहणाऱ्या पेशी, तयार केल्या. मला हे काम फार मोलाचे वाटते. तंबाखू चघळणाऱ्या देशाने आपला आजार परक्या गाठींवरच किती दिवस अभ्यासायचा?

तरी बाटली म्हणजे माणूस नव्हे. तिथे रक्तवाहिन्या नाहीत, यकृत नाही, प्रतिकारशक्ती नाही. हळदीने कर्करोगाच्या पेशी मेल्या, हे बाटलीत खरे. म्हणून उपचार सोडून हळद खाणे हा जिवाशी खेळ. बाटलीपासून माणसापर्यंतची वाट लांब असते. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या झाडात कॅम्प्टोथेसिन हा कर्करोगाच्या पेशी मारणारा पदार्थ सापडतो. तो एका चिनी झाडातून १९६६मध्ये वेगळा झाला. त्यावरून बेतलेल्या टोपोटेकन या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली १९९६मध्ये. मधल्या तीस वर्षांत विषारीपणाशी झगडावे लागले.

तेव्हा ‘औषध सापडले’ अशी बातमी वाचाल, तेव्हा आधी पाहा : बाटलीत की माणसात? आणि तोंडातली जखम किंवा पांढरा चट्टा तीन आठवड्यांत गेला नाही, तर बातमीची वाट न पाहता डॉक्टर गाठा.