तळ्याचा संसार



आपण मराठवाड्याची माणसे पाण्याचा विचार करतो तो बहुधा एकाच अंगाने. मृगाचा पाऊस किती पडला, विहिरीला किती परस पाणी आहे, नाथसागर किती टक्के भरला, निम्न दुधना यंदा हात देणार की नाही? ज्या मुलखात पाण्यावर वर्षाचे भवितव्य ठरते, तेथे हे स्वाभाविकच आहे. परंतु आज मी आपणांस पाण्याविषयी निराळा प्रश्न विचारणार आहे. पाणी किती, हा नव्हे; पाण्यात राहते कोण, आणि त्या सर्वांचे आपसांत चालते कसे?

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस आभाळ भरून आलेले असते, वारा पडलेला असतो, रात्रभर उकडत असते. आणि पहाटे पाहावे तो गावतळ्यात मेलेले मासे तरंगताहेत! असे दृश्य आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. लोक म्हणतात, कोणीतरी विष कालवले. कधी ते खरेही असते. पण पुष्कळदा विषाचा थेंबही नसताना मासे मरतात. मग त्यांना मारले कोणी? या प्रश्नाचा माग काढीत गेलो की तळ्याचा सगळा संसार उलगडतो.

संसार हा शब्द मी सहज वापरलेला नाही. १८६६ साली हेकेल या जर्मन जीवशास्त्रज्ञाने या शास्त्राचे नामकरण केले ते ‘घर’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. मराठीत आपण त्याला परिस्थितिविज्ञान म्हणतो. जीव एकमेकांशी आणि भोवतालच्या हवा, पाणी, मातीशी कसे बांधलेले असतात, याचे हे शास्त्र. जीवांच्या घरसंसाराचे शास्त्र म्हणा ना!

कोणत्याही घरात कोणी मिळवते असतात, कोणी खाणारे असतात, आणि कोणीतरी झाडलोट करीत असते. तळ्यातही तसेच आहे. मिळवती मंडळी म्हणजे हिरव्या वनस्पती. त्यांत काठचे शेवाळ आले. पण खरा भार वाहतात ते पाण्यात तरंगणारे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे वनस्पतिप्लवक. तळ्याच्या पाण्यावर जी हिरवट झाक दिसते ती त्यांचीच. सूर्यप्रकाशाच्या बळावर ते पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून अन्न तयार करतात, आणि ते करताना प्राणवायू मोकळा करतात. त्यांना खातात जलपिसवांसारखे बारीक प्राणी, त्यांना लहान मासळी, तिला मरळ, आणि मासळीवर टपलेले असतात खंड्या आणि पाणकावळा. उरले झाडलोट करणारे. ते तळच्या चिखलात असतात. सूक्ष्म जंतू आणि बुरशी मेलेले जीव, कुजका पाला, विष्ठा यांचे विघटन करून त्यांतील नत्र आणि स्फुरद पुन्हा मिळवत्यांच्या हाती देतात. या घरात केर म्हणून काही उरत नाही. एकाचे उष्टे ते दुसऱ्याचे ताट.

या घराचा जमाखर्चही ठरलेला आहे. रेमंड लिंडमन या तरुण अमेरिकन शास्त्रज्ञाने मिनेसोटातील एका लहानशा तळ्याचा अभ्यास करून तो मांडला. त्याचा निबंध १९४२ साली प्रसिद्ध झाला. पण तो छापून आलेला पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. तिशी गाठण्यापूर्वीच तो वारला. या हिशेबातून निघालेला ढोबळ नियम असा की, एका पायरीवरच्या ऊर्जेचा सुमारे दहावा भाग वरच्या पायरीला पोचतो. बाकीची जगण्यात खर्च होते. म्हणजे हजार किलो वनस्पतिप्लवकांवर शंभर किलो बारीक प्राणी, त्यांवर दहा किलो लहान मासळी, आणि तीवर किलोभर मरळ. तळ्यावर बारीक मासळीचे थवे दिसतात आणि खंड्या एखादाच, त्याचे कारण हे.

आता आपल्या मेलेल्या माशांकडे वळू. लिटरभर हवेत प्राणवायू असतो सुमारे पावणेतीनशे मिलिग्रॅम. लिटरभर पाण्यात, तपमान ३० अंश असताना, तो जेमतेम साडेसात मिलिग्रॅम मावतो. पाणी जितके तापेल तितका तो कमी. म्हणजे मासा नेहमीच काटकसरीच्या श्वासावर जगत असतो. दिवसा हिरवे प्लवक प्राणवायूची भर घालतात. रात्री ऊन नाही, कमाई बंद. पण श्वास मात्र सर्वांचाच चालू असतो. माशांचा, चिखलातील जंतूंचा, आणि त्या हिरव्या प्लवकांचाही. म्हणून तळ्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे. त्यातून आदला दिवस ढगाळ, वारा पडलेला, पाणी कोमट आणि हिरवेगार दाट असले, की पहाटेपूर्वीच शिल्लक संपते. मासे वर येऊन तोंडे उघडतात आणि गुदमरून मरतात. त्यांना मारले ते उपासमारीने नव्हे. तळ्याला झालेल्या अजीर्णाने!

हे अजीर्ण होते कशाने? १९७३ साली कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर यांनी एक प्रयोग केला. मध्ये कमरेसारख्या अरुंद असलेल्या एका तळ्यात त्यांनी आडवा पडदा लावला. दोन्ही भागांत कर्ब आणि नत्र घातले. स्फुरद मात्र एकाच भागात. थोड्याच दिवसांत स्फुरदाचा भाग हिरव्या सायीने झाकून गेला. दुसरा निवळच राहिला. मग आपल्या तळ्यांत स्फुरद येते कोठून? पहिल्या पावसाने शेतातील मातीबरोबर वाहून आलेले खत, गावाचे सांडपाणी, गुरांचे शेण, धुण्याची भुकटी. शेतात जे पीक वाढवते, तेच तळ्यात हे दाट हिरवे पीक काढते.

पाण्याचा गुण बदलला की घरची माणसे बदलतात, याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी इतके खारे आणि अल्कधर्मी की त्यात आपल्या नेहमीच्या मासळीला जगणे अवघड. म्हणून ते निर्जीव आहे काय? मुळीच नाही. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले. पाणी आटून क्षार वाढले होते, आणि मीठप्रिय सूक्ष्मजीव माजले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत हेच निष्पन्न झाले.

उलट नाथसागर पाहा. तो १९७६ साली पुरा झाला तो शेतीच्या पाण्यासाठी. पसारा सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर, साठा शंभर टीएमसीहून थोडा अधिक. भागाकार केला तर सरासरी खोली आठ मीटरच्या आसपास भरते! पसारा मोठा, पाणी उथळ. काठाकाठाने ऊन तळापर्यंत पोचते, तेथे अन्न पिकते. पक्ष्यांना कोणी आमंत्रण दिले नव्हते. पण ताट वाढलेले दिसले आणि ते आले. १९८६ साली तेथे पक्षी अभयारण्य जाहीर झाले.

तेव्हा मंडळी, गावतळे वा शेततळे म्हणजे नुसता पाण्याचा हौद नव्हे. आपल्याला करावयाचे ते फार अवघड नाही. बांधावर आणि तळ्याच्या काठी गवताचा पट्टा राखावा, म्हणजे माती आणि खत तेथेच अडेल. सांडपाण्याची मोरी तळ्यात सोडू नये. शेततळ्यात मासे सोडले असतील तर खाद्य बेताने घालावे, आणि ढगाळ दिवशी हात आखडता घ्यावा. पहाटे मासे तोंडे वर काढू लागले तर ताजे पाणी उंचावरून पाडावे. त्याबरोबर हवा आत जाते.

उद्या तळ्यावरून जाताना पाणी किती उरले ते अवश्य पाहा. पण क्षणभर थांबून त्याचा रंगही पाहा. त्या घरात सुखाने नांदणूक चालली आहे की नाही, हे तो रंग सांगतो. आणि त्याच पाण्यावर आपली गुरे आणि आपली शेती उभी आहे.