स्वास्थ्य आणि शुश्रूषा

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, पैनगंगेच्या खोऱ्यात उमरखेड हे तालुक्याचे गाव आहे. नदी ओलांडली की मराठवाडा लागतो. येथील काळ्या जमिनीत कापूस पुष्कळ पिकतो. पावसाळ्यात झाडे वाढीस लागली, म्हणजे त्यांवर किडी पडतात आणि शेतकरी पाठीवर पंप घेऊन औषध फवारू लागतात. लोक त्यास औषध म्हणतात खरे; पण ते विष असते.

२०१७ साली या फवारणीमुळे यवतमाळ जिल्ह्यात मोठा अनर्थ ओढवला. त्या वर्षी कापसाची झाडे पुरुषभर उंच झाली होती. त्यामुळे फवाऱ्याचे तुषार तोंडावर व छातीवर येत. शेकडो माणसांना विषबाधा झाली आणि त्यांपैकी सुमारे २० जण दगावले. वस्तुतः पंप पाठीवर घेऊन दिवसभर राबणारी ही माणसे धडधाकट होती. आदल्या दिवशी त्यांना कोणी आजारी म्हटले नसते. मग त्यांना निरोगी म्हणावयाचे काय?

‘आरोग्य’ या शब्दाचा मूळ अर्थ रोग नसणे एवढाच आहे. ‘स्वस्थ’ हा शब्द याहून अधिक सांगतो. जो आपल्या ठायी स्थिर आहे, तो स्वस्थ. १९४८ साली स्थापन झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेनेही असेच मानले, की केवळ रोगाचा अभाव म्हणजे आरोग्य नव्हे. शरीर, मन आणि समाजातील जीवन या तिन्ही दृष्टींनी मनुष्य पूर्णपणे सुस्थितीत असला पाहिजे. ही व्याख्या जरा कठोरच आहे. तिच्या कसोटीस उतरणारी माणसे फार थोडी निघतील! म्हणून शुश्रूषाशास्त्रात स्वास्थ्य हे जिन्यासारखे मानतात. त्याच्या पायऱ्यांवर प्रत्येक माणूस सदैव वर-खाली होत असतो.

रोग आणि आजार यांतही भेद आहे. रोग शरीरात असतो. आजार माणसाला जाणवतो. रक्तदाब वाढलेला मनुष्य कित्येक वर्षे आनंदाने हिंडतो-फिरतो, म्हणजे रोग आहे, पण आजार नाही. उलट, ताप उतरून गेला तरी अंगातील ग्लानी जात नाही. वैद्य मुख्यतः रोगाचे निदान करतो. परिचारिका आजारी माणसाकडे पाहते.

विषबाधा झालेला रुग्ण आला, की त्याचे भिजलेले कपडे उतरवून साबणपाण्याने अंग धुवावे लागते, कारण विष कातडीतूनही आत जात असते. लाळ श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून त्यास कुशीवर निजवितात. डोळ्यांच्या बाहुल्या आकसल्या आहेत काय, श्वास किती चालतो, घाम किती सुटला आहे, हे घटकेघटकेला पाहून परिचारिका त्याची नोंद ठेवते. दाराशी बसलेल्या त्याच्या घरच्यांना धीर देणे हेही तिच्याच वाट्याला येते. निरीक्षण हा शुश्रूषेचा प्राण आहे, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ सालीच आपल्या पुस्तकात आग्रहाने मांडले होते. आणि १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली असता सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करीत राहिल्या व त्याच रोगाने निवर्तल्या.

रोग कशाने होतो, हे पाहताना तीन गोष्टी विचारात घ्याव्या लागतात: रोगाचे कारण, मनुष्य आणि त्याचा परिसर. विष तेच, पण वाऱ्याच्या दिशेला तोंड करून, उघड्या अंगाने फवारणाऱ्यास ते अधिक बाधते. हात न धुता भाकरी खाणाऱ्यास किंवा तंबाखू मळणाऱ्यासही तसेच. झाडे उंच झाली, म्हणजे परिसर बदलला. यांपैकी एक गोष्ट पालटली तरी पुष्कळदा अरिष्ट टळते. म्हणूनच शुश्रूषेचे काम रुग्णालयाच्या दाराबाहेर, रोग होण्यापूर्वीच सुरू होते. गावात फिरणाऱ्या आरोग्यसेविकेने शेतकऱ्याच्या घरी जाऊन विषाचा डबा कोठे ठेवला आहे, हे पाहावे लागते. आणि फवारणीचे कपडे घरात कोण धुते, वेगळे धुते की सर्वांच्या कपड्यांत, हेही विचारून घ्यावे लागते.