जुन्या जीपचे क्राऊन-पिनियन अल्प खर्चात बदलणे

क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असलेला अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा जमिनीच्या बाबतीतही एकसारखा नाही. पश्चिमेस अकोले तालुक्यात भंडारदरा व कळसूबाईचा डोंगराळ मुलूख, मध्यावर प्रवरा-गोदावरीच्या काठची खोल काळी जमीन, तर दक्षिणेस कर्जत-जामखेडचे कोरडे माळरान. घाट चढणारी गाडी व मनमाड रस्त्याने शहरी बाजारात भाजी पोचविणारी गाडी यांच्या गरजा भिन्न असतात. जुनी जीप बाळगणारे अनेक शेतकरी म्हणूनच तिचे क्राऊन-पिनियन बदलण्याचा विचार करतात. हे काम अल्प खर्चात होऊ शकते. मात्र त्याचा एक नियम मोडल्यास दुप्पट खर्च होतो.

इंजिनाची गती प्रोपेलर शाफ्टमधून अ‍ॅक्सलच्या हौसिंगमध्ये येते. तेथे पिनियन हे लहान चक्र क्राऊन या मोठ्या चक्रास फिरविते. क्राऊनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागले असता जो आकडा येतो, तेच अ‍ॅक्सलचे गुणोत्तर होय. दुसऱ्या महायुद्धातील व्हिलिस लष्करी जीपमध्ये ते ४.८८ होते, म्हणजे ३९ दात्यांस ८. युद्धानंतरच्या नागरी जीपमध्ये ते ५.३८ झाले, म्हणजे ४३ दात्यांस ८. नांगर व गाडा ओढण्याची अपेक्षा असल्यानेच हा आकडा वाढविला गेला. भारतात अशा जीपची जुळणी महिंद्र कंपनीने १९४९ मध्ये मुंबईस माझगाव येथे सुरू केली. मात्र आज गावोगावी दिसणाऱ्या जुन्या गाड्यांचे अ‍ॅक्सल आजवर कितीदा बदलले गेले असतील याचा नेम नाही. तेव्हा नमुन्याच्या नावावर भिस्त न ठेवता मोजूनच खात्री करावी.

मोजणी सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करून जमिनीवरील चाकांना पुढून व मागून दगडांची उटी लावावी. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून शाफ्टवर असतो, म्हणून तो सोडावाच लागतो. उटी लावल्याखेरीज तो सोडू नये. गिअर न्यूट्रलला व ट्रान्सफरचा दांडा दोन चाकांच्या जागी ठेवावा. मग एकच मागचे चाक जॅकने उचलून सोळा फेरे फिरवावे व प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजावेत. ४३ भरले तर गुणोत्तर ५.३८, ३९ भरले तर ४.८८. पुढच्या अ‍ॅक्सलचीही अशीच मोजणी करावी; पुढच्या चाकांच्या हबवर जोडणी तोडण्याची कळ असल्यास ती आधी जोडून घ्यावी.

सुमारे ७३ सेंटिमीटर व्यासाच्या टायरवर, वरच्या गिअरमध्ये इंजिनाचे मिनिटास २००० फेरे असता ५.३८ ची गाडी ताशी सुमारे ५० किलोमीटर धावते व ४.८८ ची सुमारे ५५. म्हणजे सुमारे दहा टक्के वेग वाढतो व तितकीच ओढ कमी होते. चिखलातून, चढावर किंवा भरल्या ट्रेलरसह चालणाऱ्या गाडीस ५.३८ च योग्य. सडकेने नित्य ये-जा असेल तर ४.८८ ने इंजिनास विश्रांती मिळते. आता खर्चाचा विचार. टायर मोठे बसविले की गुणोत्तर आपोआप उतरते. ७३ ऐवजी ७७ सेंटिमीटरचे टायर असता ५.३८ ची गाडी जवळजवळ ५.१० सारखी वागते. ओढ कमी झाल्याची तक्रार बहुधा येथूनच उद्भवते. अशा वेळी क्राऊन-पिनियन न बदलता मूळ मापाचे टायर परत बसविणे सर्वांत स्वस्त. तसेच ट्रान्सफरमध्ये कमी वेगाची जागा असते व तिच्यामुळे ओढ सुमारे अडीचपट होऊ शकते. पुष्कळ मालक हा दांडा वर्षानुवर्षे हलवीतच नाहीत!

तरीही बदल हवाच असेल, तर मुख्य नियम असा की पुढचे व मागचे गुणोत्तर एकच असले पाहिजे. पुढे ५.३८ व मागे ४.८८ ठेवून चारही चाके जोडली, तर शाफ्टच्या शंभर फेऱ्यांत पुढची चाके १८.६ व मागची २०.५ फेरे घेऊ पाहतात. शेतातील भुसभुशीत मातीत चाक घसरून हा फरक निघून जातो. डांबरी रस्त्यावर तो निघत नाही आणि ट्रान्सफर, क्रॉस किंवा अ‍ॅक्सलचा दांडा तुटतो. चार चाकांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये पुढची चाके मुद्दाम थोडी अधिक वेगाने फिरविलेली असतात, म्हणून तेथे भलत्या मापाचे टायर बसविल्यास असेच नुकसान होते.

सर्वांत काटकसरीचा मार्ग म्हणजे एकाच गाडीतून निघालेली पुढची-मागची अ‍ॅक्सलची जोडी घेणे. रुंदी, पाट्यांच्या बैठका, प्रोपेलर शाफ्टची बाजू व ब्रेकच्या नळ्या जुळतात की नाही हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. हौसिंग उघडून दाते तुटलेले किंवा खवले पडलेले नाहीत, याची खात्री करावी. सुटे क्राऊन-पिनियन घ्यावयाचे झाल्यास एकाच क्रमांकाची जोडी घ्यावी. कारखान्यात ती एकमेकांवर घासून जुळविलेली असते व दुसऱ्या जोडीशी बसत नाही. बसविताना शिम घालून दात्यांमधील खेळ मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाइतका ठेवावा लागतो व दात्यांना रंग लावून ठसा मध्यभागी येतो की नाही हे पाहावे लागते. हे काम माहितगार मिस्त्रीचेच. मजुरीत बचत करू पाहणाऱ्याची गाडी लवकरच हौसिंगमधून घरघर करू लागते. बेअरिंग व सील नवीच घालावीत, हायपॉइड गिअरचेच तेल भरावे आणि पहिल्या काही शे किलोमीटरांनंतर ते बदलावे.

वेगदर्शकाचाही विचार करावा. ५.३८ चे ४.८८ केल्यावर तो ४० दाखवीत असता गाडी ४४ ने धावत असते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत असा बदल करता येत नाही. म्हणून टायरचे माप अगर पूर्ण अ‍ॅक्सल बदलण्यापूर्वी अहिल्यानगर किंवा श्रीरामपूर येथील परिवहन कार्यालयात विचारणा करावी.