स्कीखालचा बर्फ दाबामुळे वितळतो का?

ठाणे, कल्याण, डोंबिवली या भागातील विद्यार्थ्यांच्या ओळखीचा बर्फ दोनच प्रकारचा असतो. एक मासळीबाजारातील लादीचा आणि दुसरा घरच्या फ्रिजमधला. डोंगरउतार झाकून टाकणारे, पावलाखाली भुसभुशीत लागणारे हिम त्यांच्यापैकी फार थोड्यांनी पाहिलेले असते. म्हणूनच डोंबिवलीच्या एका शाळेतील विज्ञानशिक्षक हिवाळ्यात औलीला स्कीइंग शिकून परत आले, तेव्हा नववीच्या वर्गाने त्यांना पाठ्यपुस्तक उघडूच दिले नाही.

औली उत्तराखंडाच्या चमोली जिल्ह्यात आहे. आमचे हे शिक्षकमित्र कल्याणहून रेल्वेने हरिद्वारला गेले आणि तेथून सुमारे पावणेतीनशे किलोमीटर घाटरस्त्याने जोशीमठला पोहोचले. जोशीमठच्या वर, सुमारे २५०० ते ३००० मीटर उंचीवर औलीचे उतार आहेत. गढवाल मंडल विकास निगम तेथे नवशिक्यांसाठी स्कीइंगचे वर्ग चालवते. आठवडाभरात पडत-धडपडत सर उभे राहायला, घसरायला आणि मुख्य म्हणजे थांबायला शिकले.

फोटो पाहता पाहता सरांनी मुलांना दोन गोष्टी समजावून सांगितल्या. पहिली अशी, की बुटांनी चालताना पाय हिमात गुडघ्यापर्यंत रुततो. स्की लांब-रुंद असल्यामुळे वजन मोठ्या क्षेत्रफळावर पसरते, दाब कमी होतो आणि माणूस वर राहतो. दुसरी अशी, की स्कीच्या दाबामुळे तिच्याखालचा बर्फ वितळतो, पाण्याचा पातळ थर तयार होतो आणि स्की घसरते.

एका मुलीने हात वर केला. "सर, आत्ताच तुम्ही म्हणालात की स्कीमुळे दाब कमी होतो. मग कमी दाबाने बर्फ वितळतो आणि बुटाच्या जास्त दाबाने का वितळत नाही?"

सरांजवळ उत्तर नव्हते. त्यांनी तसे वर्गात कबूल केले आणि पुढच्या रविवारी ते ठाण्याला आमच्याकडे आले. येथे आम्हालाही एक कबुली दिली पाहिजे. दाबामुळे बर्फ वितळतो हेच स्पष्टीकरण आम्ही विद्यार्थी असताना शिकलो होतो, आणि पुढे व्याख्यानांतून ते बिनदिक्कत सांगितलेही होते. त्या मुलीने केला तो हिशेब आम्ही कधी केला नव्हता. तेव्हा तो आता करू.

दाबाचा हिशेब

स्कीइंग करणाऱ्या माणसाचे सामानासह वस्तुमान ७० किलोग्रॅम धरू. त्याचे वजन सुमारे ६८६ न्यूटन होईल. एक स्की १.७ मीटर लांब आणि ८ सेंटिमीटर रुंद धरली, तर दोन्हींचे मिळून क्षेत्रफळ ०.२७२ चौरस मीटर येते. भागाकार केला की दाब येतो सुमारे २५०० पास्कल. हवेचा दाब सुमारे १ लाख पास्कल असतो. म्हणजे स्कीचा दाब त्याच्या चाळिसाव्या हिश्श्याइतका. दोन्ही बुटांच्या तळांचे क्षेत्रफळ मिळून ०.०५ चौरस मीटर धरले, तर बुटांचा दाब स्कीच्या पाचपटींहून अधिक भरतो.

दाब वाढला की बर्फाचा द्रवणबिंदू खाली जातो, हे खरेच आहे. जेम्स थॉमसन यांनी १८४९ मध्ये हे सिद्धान्ताने दाखवले आणि त्यांचे बंधू विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्व्हिन झालेले शास्त्रज्ञ, यांनी १८५० मध्ये प्रयोगाने पडताळले. प्रश्न आहे तो 'किती' हा. एक वातावरण दाब वाढवला तर द्रवणबिंदू केवळ ०.००७४ अंश सेल्सिअसने उतरतो. स्कीच्या दाबाने तो किती उतरेल? एका अंशाच्या पाच हजाराव्या भागाइतका!

कोणी म्हणेल की स्कीचा सगळा तळ हिमाला टेकत नाही, ती कणांच्या टोकांवर टेकते. ठीक आहे. खरा स्पर्श शंभराव्या भागापुरताच आहे असे मानू. मग दाब शंभरपट, आणि द्रवणबिंदूतील घट ०.०२ अंश. सर औलीत होते तेव्हा सकाळचे तापमान शून्याखाली ८ अंश होते. उणे १० अंशांवरचा बर्फ केवळ दाबाने वितळवायला सुमारे ११०० वातावरण दाब लागतो. दाब कितीही वाढवला, तरी उणे २२ अंशांच्या खाली साधा बर्फ दाबाने वितळत नाही. त्याचे दुसऱ्या प्रकारच्या, अधिक घन अशा बर्फात रूपांतर होते. आणि माणसे तर उणे ३० अंशांवरही स्कीइंग करतात.

थोडक्यात, मुलीची शंका योग्य होती. दाबाचे स्पष्टीकरण स्कीला लागू पडत नाही.

मग हे स्पष्टीकरण टिकले कसे?

१८८६ मध्ये आयर्लंडचे जॉन जोली यांनी बर्फावर घसरण्याच्या स्केटसाठी ही कल्पना मांडली. स्केटचे पाते अरुंद असते, त्यामुळे तेथे दाब बराच येतो. तरीही तीन मिलिमीटर रुंद पात्याचा दहा सेंटिमीटर भाग टेकला आहे असे धरले, तर एका पायावर उभ्या असलेल्या आपल्या ७० किलोच्या माणसाचा दाब सुमारे २३ वातावरण येतो आणि द्रवणबिंदू जेमतेम ०.१७ अंशाने उतरतो.

दुसरे कारण आपल्या प्रयोगशाळेतच आहे. बर्फाच्या लादीवर तार ठेवून तिच्या दोन्ही टोकांना वजने टांगली, की तार बर्फातून आरपार उतरते आणि वरचा बर्फ पुन्हा सांधला जातो. हा पुनर्हिमायनाचा प्रयोग आपल्याकडे हमखास यशस्वी होतो. कारण आपल्या हवेत बाहेर ठेवलेली लादी बरोबर शून्य अंशावर, वितळण्याच्या काठावरच असते. तेथे द्रवणबिंदू अंशाच्या दहाव्या हिश्श्याने उतरला तरी पुरते. डोंबिवलीच्या वर्गात खरे ठरणारे हे स्पष्टीकरण औलीच्या उतारावर तसेच लावले, ही आपली चूक झाली.

घर्षणाची उष्णता

१९३९ मध्ये बाउडेन आणि ह्यूज या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोख येथे, बर्फात खोदलेल्या गुहेत प्रयोग केले. त्यांना असे आढळले, की एबोनाइटसारख्या उष्णतारोधक पदार्थाची स्की सहज घसरते, तर धातूच्या स्कीला अधिक घर्षण होते. दाबच कारणीभूत असता, तर पदार्थाने इतका फरक पडायला नको होता. त्यांचा निष्कर्ष असा होता, की घसरताना घर्षणाने उष्णता निर्माण होते आणि तिने बर्फाचा पातळ थर वितळतो. धातू ही उष्णता वाहून नेतो, त्यामुळे त्याच्याखाली पाणी कमी होते.

याचाही हिशेब करू. हिमावर स्कीचा घर्षणांक सुमारे ०.०५ धरला, तर घर्षणबल ३४ न्यूटन येते. वेग सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर असेल, तर दर सेकंदाला ३४० ज्यूल उष्णता निर्माण होते. १०० वॅटचे साडेतीन दिवे स्कीखाली जळत आहेत असे समजा. १ ग्रॅम बर्फ वितळायला ३३४ ज्यूल लागतात. ही सगळी उष्णता वितळण्यातच खर्ची पडली, तर सेकंदाला १ ग्रॅम पाणी मिळेल. त्या सेकंदात दोन्ही स्की मिळून १.६ चौरस मीटर हिमावरून जातात. त्यावर हे पाणी पसरले, तर थराची जाडी केसाच्या शंभराव्या भागाइतकी भरेल. प्रत्यक्षात काही उष्णता हिमात आणि स्कीत मुरते. पण स्पर्श कणांच्या टोकांवरच होत असल्याने थोडे पाणीही पुष्कळ ठरते.

उभ्या माणसाचा पाय का घसरतो?

येथे एक अडचण राहते. बर्फावर नुसते पाऊल टाकले, तरी ते घसरते. तेव्हा घर्षणाची उष्णता निर्माण व्हायला वेळच मिळालेला नसतो. याचा धागा मायकेल फॅरडे यांनी १८५० मध्येच दिला होता. बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना टेकवले की चिकटतात, यावरून त्यांनी असे मांडले, की बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच द्रवासारखा पातळ थर असतो. दोन तुकड्यांमध्ये सापडला की तो गोठतो.

बर्फाच्या आत प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांशी बांधलेला असतो. पृष्ठभागावरील रेणूंना वरच्या बाजूचे शेजारी नसतात, म्हणून ते सैल असतात. २०१८ मध्ये ॲमस्टरडॅम आणि माइन्झ येथील संशोधकांनी पोलादी गोळी बर्फावरून घसरवून शून्यापासून उणे १०० अंशांपर्यंत घर्षण मोजले. सर्वांत कमी घर्षण उणे ७ अंशांच्या आसपास आढळले. तापमान उतरत गेले तसे पृष्ठभागावरचे रेणू जखडले गेले, आणि उणे १०० अंशांजवळ बर्फ निसरडा राहिलाच नाही. या सैल थराचा वाटा किती आणि घर्षणाच्या उष्णतेचा किती, यावर शास्त्रज्ञांत अजून चर्चा चालू आहे. २०२५ मध्ये जर्मनीतील झारलँड विद्यापीठाच्या गटाने संगणकी प्रतिकृतींवरून असे मांडले, की घासणाऱ्या पदार्थाच्या रेणूंमुळे बर्फाच्या स्फटिकाची मांडणीच विस्कटते आणि पृष्ठभाग मऊ होतो.

बुटांचे कोडेही आता सुटते. भुसभुशीत हिमात बूट रुततो आणि पुढे जायचे तर समोरचे हिम दाबावे लागते. त्यात शक्ती खर्च होते. स्की कमी दाबामुळे वर राहते, म्हणून तिला घसरता येते. चिखलात फळी टाकून तिच्यावरून चालतात, तशातलाच हा प्रकार. कडक बर्फावर मात्र बूटही उत्तम घसरतो, हे सरांनी पहिल्याच दिवशी अनुभवले.

वाळूसारखे हिम

हा प्रश्न नुसत्या खेळापुरता नाही. कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे चार सहकारी १७ जानेवारी १९१२ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले. परतताना सामानाची घसरगाडी ते स्वतःच ओढत होते. फेब्रुवारीच्या अखेरीपासून तापमान उणे ३५ अंशांच्या आसपास उतरू लागले. हिम वाळूसारखे झाले आहे, गाडी सरकत नाही, अशा नोंदी स्कॉट यांच्या रोजनिशीत आहेत. रोजचे अंतर कमी होत गेले आणि शेवटचे तिघे अन्नसाठ्यापासून सुमारे १८ किलोमीटरवर मरण पावले. सुसान सॉलोमन या अमेरिकी शास्त्रज्ञेने २००१ मध्ये हवामानाच्या नोंदी तपासून दाखवले, की त्या वर्षीची थंडी तेथील नेहमीच्या थंडीपेक्षा कडक होती. उपासमार, इंधनटंचाई ही कारणे होतीच. त्यांत अतिथंड हिमाच्या घर्षणाचीही भर पडली.

वर्गात करण्यासारखे

हे सारे पडताळायला औलीला जायला नको.

१. डीप फ्रीझमधून नुकताच काढलेला बर्फाचा खडा ओलसर बोटाला चिकटतो, निसटत नाही. मिनिटभराने तोच खडा हातातून निसटू लागतो. अतिथंड बर्फ आणि शून्याजवळचा बर्फ यांतला फरक मुलांना येथेच कळतो.

२. बर्फाच्या लादीवर एकाच जाडीची तांब्याची तार आणि नायलॉनचा दोरा टाकून दोन्हींना सारखी वजने टांगा. दाब सारखा असूनही तार भराभर उतरते आणि दोरा रेंगाळतो. बर्फ वितळायला उष्णता तेथवर पोहोचावी लागते, हे यावरून समजते.

३. पसरट स्टीलच्या थाळीत पाणी गोठवा. त्यावर थंड केलेले नाणे ठेवून थाळी हळूहळू तिरपी करा आणि नाणे घसरू लागते तो कोन मोजा. कोनाचा टँजंट म्हणजे स्थिर अवस्थेतील घर्षणांक. मग थाळी कुल्फीवाल्याच्या पद्धतीने, बर्फ आणि जाडे मीठ यांच्या मिश्रणावर ठेवून अधिक थंड करा आणि कोन पुन्हा मोजा. या मिश्रणाचे तापमान उणे १५ अंशांच्याही खाली जाऊ शकते, म्हणून ते हातात धरू नये.

सरांनी पुढच्या आठवड्यात तिन्ही प्रयोग वर्गात केले. सुरुवातीला त्यांनी फळ्यावर आपलेच जुने वाक्य लिहिले, 'दाबामुळे बर्फ वितळतो', आणि त्या मुलीला बोलावून पुढचा हिशेब तिच्याकडून मांडून घेतला. उत्तर ०.०००२ अंश आले, तेव्हा त्यांनी वाक्य पुसले नाही. त्यापुढे फक्त 'किती?' एवढा प्रश्न लिहिला.